ओरिजिनल

पुरुषमाणसाला एखादा छंद असावा, असं तिला लग्नाच्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारं माणूस पुन्हा भेटलं असतं तर तिने त्याला चांगलंच सुनावलं असतं.

तिच्या वडिलांची जुनी मोटार चार वर्षं गॅरेजमध्ये विटांवर उभी होती आणि नवरा तिच्याखाली आडवा. स्वयंपाकघरातला नळ तीन वर्षं गळत होता. त्याच्या वॉशरला सवड नव्हती. पण दाराच्या एका मुठीसाठी स्वारी दिवसभराचा प्रवास करून कुठल्याशा भंगारवाल्याकडे जाऊन आली, आणि मूठ भलत्याच बाजूची निघाली म्हणून पुन्हा गेली. कार्बोरेटर तिच्या दुधाच्या पातेल्यात रॉकेलमध्ये भिजला. मॅटखालचा पत्रा गंजून बिस्किटासारखा चुरला, त्या दिवशी नवरा जेवला नाही. बाबा गेले त्या दिवशी मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित जेवला होता, हे ती विसरली नव्हती.

सगळा घोळ एका शब्दाचा. जुन्या गाड्यांच्या मंडळातले चार टकले दर रविवारी जमत, बॉनेटमध्ये डोकी खुपसत आणि हा स्क्रू ओरिजिनल नाही म्हणून माना हलवत. मग नवरा आठवडाभर तो स्क्रू शोधत बसे. स्वतःचे दोन दात खोटे, पण गाडीत एक वॉशर खोटा चालायचा नाही.

खोटं कशाला बोला, इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा तीही हातातला झारा तसाच घेऊन खाली धावली होती. तो आवाज बाबांचा होता. तिचे डोळे भरून आले आणि नवऱ्याबद्दल तिला चक्क माया वाटली. तेव्हाच तिने एकुलती एक गोष्ट मागितली होती. भावाकडे राहणाऱ्या आईची नजर पार गेली होती, हृदय थकलं होतं, आणि फोनवर तिचा एकच प्रश्न असे, "यांची गाडी झाली का गं?" आईला त्या गाडीत एकदा बसवायचं होतं. नवरा म्हणाला, आईंना अर्धवट गाडीत कसं बसवू? अर्धवटपणा संपायला आणखी आठ महिने गेले. आतलं काम त्याने ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं. म्हणे, गंमत आहे.

गंमत तिने निघायच्या सकाळी पाहिली. आईला दिसत नाही, तेव्हा कळणारही नाही, अशी वेडी आशा धरून ती शेजारी बसली.

भावाच्या दाराशी नवऱ्याने ऐटीत हॉर्न दिला. पूर्वी बाबांचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला की आई चहाचं आधण ठेवायची. आज ती खुर्चीतून हललीही नाही. लेकीने हाताला धरून आणली, पुढच्या सीटवर बसवली.

आईचा हात सीटवरून फिरला. पडद्याच्या उरलेल्या कापडाची खोळ तिने स्वतः शिवली होती. तिथे आता गुळगुळीत चामडं होतं. मग हाताने गिअरची मूठ शोधली. बाबा कारखान्यात टर्नर, त्यांनी शिसवी मूठ लेथवर स्वतः घडवली होती, अंगठ्यापुरती खाच ठेवून. आईचा अंगठा काळ्या, थंड गोळ्यावर ती खाच शोधत राहिला.

"ते जुनं सगळं भंगारात दिलं, आई," नवरा फुशारकीने म्हणाला. "आता एकूण एक वस्तू ओरिजिनल. कारखान्यातून आली तेव्हा होती तश्शी."

"छान आहे हो तुमची गाडी, जावईबापू," आई म्हणाली. मग लेकीचा हात चाचपून तिने हळूच विचारलं, "आणि यांची कधी आणताय?"

लेकीला नवऱ्याचा भयंकर संताप आला. तिने आईला उतरवून घेतलं. उतरताना आईने आधाराला दारावर हात टेकला होता. नवऱ्याने खिशातून पिवळं फडकं काढलं आणि दारावर उमटलेली ती पाच बोटं पुसून टाकली.