हरकत असेल तर

पाळकसाहेबांच्या दोरीवर वाळणारी एक विजार. पाळकसाहेबांची नव्हे, त्यांच्या विजारींना रंग माहीत नाही.

चर्चच्या मनोऱ्यातून येणारी शीळ. चाल भजनाची नव्हे.

आरशासमोर पोट आत ओढून उभा असलेला पन्नाशीचा गृहस्थ. किती वेळ ओढणार? श्वास तर घ्यावाच लागतो.

हे सगळं एकाच भानगडीचं सामान. मनोऱ्यातली घंटा अडकली म्हणून मोटरसायकलवरून एक बाई आली. गावोगाव फिरून घंटा दुरुस्त करणारी. काम आठवड्याचं म्हणाली होती. आता चौथा महिना लागला. पाळकसाहेब रोज पाहणीसाठी शिडी चढत. गुडघे कुरकुरत, पण गुडघ्यांना विचारतो कोण! उतरताना चेहऱ्यावर हसू आणि कोटाला वंगण.

"अरे, तुझ्या पाठीवर पाची बोटं उमटलीत," घर सांभाळणारी थोरली बहीण म्हणाली. "पाहणी पाठीने करतोस का?"

चर्चच्या मंडळीचा कारभारी, म्हणजे गावचा शिंपी, घरीच येऊन थडकला. "रविवारपर्यंत ती तरी गावाबाहेर, नाहीतर तुम्ही!"

पाळकसाहेबांनी डोकं चालवलं. आजवर ते चालवून कुणाचं भलं झालं नव्हतं, तरीही. लग्नच केलं तर भानगड राहतेच कुठे?

रविवारी त्यांनी व्यासपीठावरून खणखणीत आवाजात लग्नाची सूचना वाचली. वधू, घंटावाली बाई. वर, इथे आवाज चिरकला, अस्मादिक. "कुणाची हरकत असेल तर आताच सांगावं."

शिंप्याचा हात ताडकन वर गेला. पण आवाज आला मागच्या बाकावरून.

"माझी आहे."

वधूच उभी होती.

"तुमची?"

"अहो, अख्ख्या गावाला विचारलंत. मला विचारायचं राहिलं."

पाळकसाहेबांनी आठवून पाहिलं. खरंच की! जन्मभर लोकांना हरकती विचारल्या. आधी होकार विचारायचा असतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीने कपाळावर हात मारला.

ते घाईने खाली उतरले आणि झग्यात पाय अडकून थेट तिच्या पायाशी पोचले.

"करशील?"

"माझ्याबरोबर निघणार असाल तर. एका जागी मला गंज चढतो."

पाळकसाहेब उठले. झगा काढून त्यांनी शिंप्याच्या अजून वरच राहिलेल्या हातावर टाकला. "पुढच्या पाळकासाठी जरा आखूड करा. पायात येतो."

घंटा दुरुस्त झाली होती ती बाई गावात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी.