साधी, कष्टाळू, मनमिळाऊ

सदाशिवरावांनी हात वर केला, तशी घाटावरची कुजबुज थांबली. चिता नीट पेटली होती, चौघांची भाषणं झाली होती आणि आर्वीत शोकसभेचा शेवट कुणी करायचा, हे ठरलेलंच होतं.

"थोडक्यात सांगायचं तर," ते म्हणाले, "कुंताबाई म्हणजे साधी, कष्टाळू, मनमिळाऊ बाई."

मग दोन मिनिटं मौन झालं आणि लोक समाधानानं पांगले. आधीच्या वक्त्यानं कुंताबाई सोडून स्वतःच्याच मोतीबिंदूची कहाणी लावली होती. सदाशिवरावांचं तसं नव्हतं. भांड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी ताटवाट्यांवर नावं कोरली होती, त्यामुळे मावेल तेवढंच बोलायची सवय हाडीमाशी मुरलेली. शिवाय तेच तेच बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. एका सभेत 'थोडक्यात' म्हटलं की पुढच्या सभेत 'सारांश असा', मग 'एका वाक्यात', 'लांबण न लावता', 'तात्पर्य काय'. असे सात प्रकार त्यांच्यापाशी होते आणि त्यांचा त्यांना रास्त अभिमान होता.

अनुसयाबाईंनी अंगणात अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. घाटावर बाया जात नाहीत. नवरे घरी येऊन सांगतील तेवढंच त्यांना कळतं. गुजरीत भाजी विकणारी कुंताबाई ही त्यांची छत्तीस वर्षांपासूनची मैत्रीण. सकाळपासून त्यांनी चहाही घेतला नव्हता.

काय बोललात, असं त्यांनी विचारलं. अंगावर पाणी घेता घेता सदाशिवरावांनी घाटावरच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

"मंदाबाईच्या वक्ती बी हेच म्हटलं होतं तुमी."

"तवा 'सारांश' म्हटलं होतं."

"त्याच्या पुढचं."

सदाशिवराव आठवू लागले. मंदाबाई साधी, कष्टाळू, मनमिळाऊ. पंचफुला साधी, कष्टाळू, मनमिळाऊ. दोन वर्षांत अकरा बाया गेल्या होत्या आणि अकराही जणी तशाच निघाल्या होत्या.

कुंता कसली मनमिळाऊ, असं म्हणून अनुसयाबाई बोलायला लागल्या. गुजरीतली बसायची जागा तिनं तीन बाप्यांशी भांडून मिळवली होती. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीसाठी घासाघीस करणाऱ्याची ती सात पिढ्यांपर्यंत खबर घ्यायची. आणि साधी तर मुळीच नव्हती. पंचेचाळिसाव्या वर्षी लपूनछपून सायकल शिकली, मागून धरायला अनुसयाबाई पळायच्या. हे सांगताना त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता त्या रडायला लागल्या.

सदाशिवराव ओल्या अंगानं उभेच राहिले. आपली बायको कधीकाळी अशी पळाली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी गेल्यावर मायं काय सांगसान?" डोळे पुसत अनुसयाबाईंनी विचारलं.

त्यांनी घसा खाकरला. सवयीनं हात वर गेला. पुढं तेच तीन शब्द येऊन उभे राहिले, तेव्हा हात मुकाट खाली आला.

"माया वक्ती तुमी बोलू नोका," त्या म्हणाल्या. रागानं नाही, भाजीत मीठ कमी टाका म्हणावं तसं. सदाशिवरावांना ते फार लागलं.

ते कपडे बदलून येतात तोच फोन वाजला. कुंताबाईचे दीर बबनराव होते. तेरवीच्या सभेत शेवटचं कोण बोलणार, ते आत्ताच ठरवून टाकू, असं त्यांचं म्हणणं. सदाशिवरावांनी फोन बायकोपुढं धरला.

अनुसयाबाईंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग फोन घेऊन बबनरावांचं ऐकून घेतलं.

"मी बोलीन," त्या म्हणाल्या. "पन येळ लागन."

फोन ठेवून त्या चहा मांडायला उठल्या. सदाशिवराव त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि पाट ओढून बसले. इथं ते जेवणाखेरीज कधी बसत नसत.

"सायकल कोनाची होती?"

"तुमची," पाठमोऱ्या अनुसयाबाई म्हणाल्या. "दुपारी जेवून झोपत होते ना तुमी."