चार आठवड्यांची पाहुणी

लॉरेन काझ्मारेक ही मिल्वॉकीतल्या एका इस्पितळात हाडांच्या विभागाची कारभारीण होती. दारावरच्या पाटीवर 'समन्वयक' असं लिहिलेलं होतं, पण पाटीवर काय, काहीही लिहिता येतं. बावीस वर्षं ती विभागाच्या तोंडाशी ठाण मांडून बसली होती. शिकाऊ डॉक्टरांच्या पाळ्या ती लावायची, नव्यांना बॅज ती द्यायची, कुणाला लग्नाची रजा मिळणार हेही तीच ठरवायची. सही तेवढी साहेबांची. सध्याचे साहेब डॉक्टर एरिक थॉर्सन यांना पहिला बॅजसुद्धा तिनेच दिला होता. तेव्हा त्यांना रक्तपेढी कुठल्या मजल्यावर आहे हेही तिलाच विचारावं लागायचं.

दर ऑगस्टला विभागात पाहुणे यायचे. बाहेरगावच्या मेडिकल कॉलेजांतली शेवटच्या वर्षाची मुलं चार आठवडे येऊन राहायची आणि मरेस्तोवर राबायची. म्हणायला ते शिक्षण. खरं तर बघण्याचा कार्यक्रमच, फक्त तो तासाभरात आटपायच्या ऐवजी अठ्ठावीस दिवस चालायचा. पुढे हिवाळ्यात शिकाऊ डॉक्टरांच्या जागांसाठी मुलाखती व्हायच्या. मग विभाग आपल्याला हव्या त्या मुलांची क्रमवार यादी लिहायचा, मुलं आपल्याला हव्या त्या विभागांची लिहायची, आणि मार्चमध्ये कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवून कोण कुठे जाणार ते सांगायचा. एकमेकांची यादी कुणालाही दिसत नसे. जागा चार, अर्ज सहाशे. आपल्याकडे येऊन राबून गेलेल्याला आपण विसरत नाही, असं थॉर्सन दरवर्षी पाहुण्यांना छातीवर हात ठेवून सांगायचे.

त्या वर्षीच्या पाहुण्यांत मार्नी श्राडर होती. नेब्रास्कातल्या एका आडगावची, उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला मोजकी. आई गुरांची डॉक्टर, त्यामुळे वासरांचे मोडलेले पाय बसवण्यात हिचं लहानपण गेलेलं. तिच्या कॉलेजात हाडांचा विभागच नव्हता. ओळखीचा सर्जन नाही, शब्द टाकणारं कुणी नाही. परक्या विभागांत चार-चार आठवडे राबून कुणाच्या तरी नजरेत भरायचं, एवढी एकच वाट तिला होती. यंदा जागा मिळाली नाही, तर वर्ष फुकट जाणार होतं. आणि पुढच्या वर्षी सगळे पहिला प्रश्न हाच विचारणार होते की गेल्या वर्षी तुला कुणी का घेतलं नाही.

पहिल्या आठवड्यातच पाचव्या मजल्यावरच्या नर्सेस लॉरेनला फोन करून विचारायला लागल्या, "ती नेब्रास्कावाली उद्या आमच्याकडे आहे ना गं?" पहाटे साडेचारला येऊन मार्नी प्रत्येक पेशंटला स्वतः पाहून ठेवायची. खुबा बदललेल्या एका आजींना कुशीवर कसं वळायचं कळेना, तर हिने कागदावर चित्र काढून दिलं आणि स्वतः शेजारच्या रिकाम्या पलंगावर आडवी होऊन करून दाखवलं. लॉरेनला पोरगी तेव्हाच आवडली.

फक्त एक भानगड होती. शिकाऊ डॉक्टरांचा म्होरक्या टॅनर रोज साडेपाचला पाहुण्यांना म्हणायचा, "झालं आजचं. जा तुम्ही घरी." आता हे 'जा' म्हणजे जायचं नसतं, हे त्या दुनियेत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिथे हसून म्हणायचं असतं, "छे छे, मी थांबतो ना, मला मजा येतेय!" दुसरा पाहुणा ग्रेसन व्हिटलॉक हे वाक्य रोज न चुकता म्हणायचा, आणि मग रात्री नऊपर्यंत डॉक्टरांच्या खोलीत तंगड्या पसरून लॉरेनच्या डब्यातले प्रेट्झेल खात बेसबॉलचे स्कोअर बघत बसायचा. मार्नी म्हणायची, "थँक यू, उद्या भेटू," आणि खरोखर घरी जायची.

लॉरेनची सुटीही साडेपाचलाच. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी दोघी एकाच लिफ्टमध्ये सापडल्या. लॉरेनने तिला सरळ कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं. शुक्रवारचे तळलेले मासे, बटाट्याची थालीपिठं आणि राय ब्रेड समोर आल्यावर तिने विषयाला हात घातला.

"पोरी, एक सांगू? टॅनर जा म्हणतो, तेव्हा जाऊ नकोस गं."

"का?"

"तो बघत असतो, कोण थांबतंय ते."

"काम असतं का तेव्हा?"

"काम कसलं डोंबलाचं! नुसतं थांबायचं. चिकाटी दिसते म्हणे."

मार्नीने माशाचा तुकडा शांतपणे संपवला. मग म्हणाली, "लॉरेन, उद्या हाच टॅनर मला फोनवर औषधाचा डोस सांगेल. दहा म्हणाला, तर मी दहा द्यायचे, की ह्याच्या मनात वीस असतील असं समजायचं? हाडांच्या डॉक्टरांना जे म्हणायचंय ते बोलता येत नसेल, तर त्यांनी बोलायला शिकावं. मी थांब म्हटल्यावर थांबेन. रात्रभर थांबेन. पण जा म्हटल्यावर जाईन."

"त्यापायी जागा गेली तर?"

"तर गेली," ती म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते. जागा तिला हवी होती. जीव तोडून हवी होती. लॉरेनला ते दिसलं, आणि म्हणूनच त्या दिवसापासून ती पोरगी तिच्या मनात घर करून बसली.

फेब्रुवारीत यादीची मीटिंग भरली. अकरा सर्जन, टॅनर, समोर भिंतीवर पडदा आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी लॉरेन. नावं वरखाली सरकवायचं काम तिचं, बोलायचं काम बाकीच्यांचं, हा रिवाज. चोपन्न नावं होती. मार्नी श्राडर एकोणिसावी.

एकोणिसावी म्हणजे बाहेरच. चार जागा भरायला आजवर यादीत बाराव्या नावाच्या खाली कधी जावं लागलं नव्हतं.

"श्राडर," थॉर्सन म्हणाले. "हात चांगले आहेत, प्रश्न नाही. पण तळमळ दिसली नाही."

"मी रोज साडेपाचला म्हणायचो, घरी जा," टॅनर म्हणाला, "आणि ती जायची!"

खोलीत हशा पिकला. अकरा शिकलेली माणसं, आणि एका मुलीने सांगितलेलं ऐकलं म्हणून पोट धरून हसत होती. लॉरेनने माऊसवरचा हात काढला.

"मग जा कशाला म्हणायचास रे?"

आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. टॅनरने मागे वळून पाहिलं.

"लॉरेन, तसं नाही, ती एक पद्धत आहे..."

"पद्धत! ती पहाटे साडेचारला यायची, तेव्हा तू कुठे होतास? ग्रेसन नऊपर्यंत थांबायचा ते माझे प्रेट्झेल संपवायला. तो आज सातवा आहे. बरी आहे की तुमची तळमळ!"

"लॉरेन," थॉर्सन जपून म्हणाले, "तुम्हाला इथे मत नाही."

"मत नाही, पण तोंड आहे ना! बावीस वर्षं बंद ठेवलंय, आज उघडते. मला एवढंच सांगा, हा चौथा कोण?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. चौथं नाव होतं प्रेस्कॉट एम्ब्री.

"उत्तम मुलगा," एक जण म्हणाला. "कोलोरॅडोचा. दाढीवाला."

"दाढीवाला नववा," दुसरा म्हणाला.

"मग हा तो पियानो वाजवणारा का?"

"पियानोवाली मुलगी होती."

"ह्याचा दोष काय?" लॉरेनने विचारलं. "एक सांगा. कुणीही सांगा."

थॉर्सननी समोरचे कागद चाळले आणि पुन्हा चाळले.

"सापडणार कसा? मुलाखतीत वीस मिनिटं बघितलाय त्याला, नवा सूट घालून बसलेला. वीस मिनिटं तर माझा नवराही गुणी वाटला होता. त्या मुलीला तुम्ही अठ्ठावीस दिवस उलटसुलट करून पाहिलंत, आणि एवढ्या दिवसांत सापडलं काय, तर सांगितलेलं ऐकते! ती इथे आलीच नसती, सूट घालून वीस मिनिटं हसून गेली असती, तर आज चौथी असती. दरवर्षी ह्या मुलांना सांगता ना, या, राबा, आम्ही विसरत नाही? बरोबर आहे. विसरत नाही. चुका तेवढ्या लक्षात ठेवता!"

"आता पुरे," थॉर्सन म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कृपा करून विसाव्या नावावर चला."

लॉरेन उठली. खुर्ची मागे सरकवून तिने कॉम्प्युटरकडे हात केला. "तू चल. ये, बस इथे. तूच भर यादी, एरिक." पंधरा वर्षांत तिने त्यांना एरिक म्हटलं नव्हतं. "मला काढायचं तर काढ. पण ह्या हातांनी ती पोर एकोणिसावी जाणार नाही."

थॉर्सन बसल्या जागेवरून हलले नाहीत. त्यांना ती यादी भरता येत नव्हती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण खरी अडचण ती नव्हती. समोर चौथं नाव लखलखत होतं आणि त्या नावाला चेहरा सापडत नव्हता.

शेवटी हाताच्या सर्जन डॉक्टर ओकॅम्पो बोलल्या. मघाशी हसणाऱ्यांत त्याही होत्या. "माझ्या दवाखान्यात ती आठ दिवस होती," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत मला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. आपण हसलो, ते बरं केलं नाही. मी तिला पहिली ठेवेन."

पहिली कुणी ठेवू देईना. अर्धा तास घासाघीस झाली आणि मार्नी श्राडर तिसरी झाली. लॉरेन परत खुर्चीत बसली आणि तिने नाव उचलून वर नेलं. चार जागांत तिसरी, म्हणजे आता फक्त मार्नीने हो म्हणायचा अवकाश. तिने हा विभाग आपल्या यादीत सगळ्यांत वर लिहिला असेल, तर जागा तिचीच.

मुलीला कळवायची सोय नव्हती. नियमच तसा. लॉरेनने मार्चपर्यंत तोंडाला कुलूप लावलं. पण खिडकीजवळचं चांगलं लॉकर मात्र तिने कुणाला दिलं नाही.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल आला. लॉरेनने चार नावं वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. पहिला आलेला होता, दुसरी होती, सहावा होता आणि मार्नी वर गेल्यामुळे दहावा झालेला तो दाढीवाला. मार्नी श्राडर नव्हती.

याचा अर्थ एकच होता, आणि तो लॉरेनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलीने आपल्या यादीत दुसऱ्या कुणाला तरी वर ठेवलं होतं, आणि तिथे तिला जागा मिळाली होती. लॉरेनला वाईट वाटलं, खूप वाटलं. हिच्यासाठी आपण नोकरी पणाला लावली, आणि हिने आपल्याकडे पाठ फिरवली! अर्धा तास ती कुणाशी धड बोलली नाही. टॅनरने दारातून डोकावून "काय लॉरेन, कुठे आहे तुमची नेब्रास्का?" असं विचारलं, तेव्हा तिने त्याला पुढच्या दोन्ही सणांची पाळी लावून टाकली.

दुपारी मार्नीची मेल आली.

"लॉरेन, मला जागा मिळाली. सप्टेंबरमध्ये मी स्पोकेनच्या इस्पितळात चार आठवडे होते, तिथेच. तिथे घरी जा म्हणायचे तेव्हा माझा कोट हातात आणून द्यायचे, आणि थांब म्हणायचे तेव्हा खरोखर काम असायचं. तुमचा विभाग मी पाचवा लिहिला होता. विभागांऐवजी माणसांची यादी करायची असती, तर तुम्ही पहिल्या असता. मासे छान होते. मार्नी."

लॉरेनने ती दोनदा वाचली, आणि मग तिला हसू आलं. पाचवा! अकरा जण चार आठवडे त्या मुलीला जोखत होते. आणि ती मुलगी कोपऱ्यात गप्प उभी राहून ह्या अकरा जणांना जोखत होती, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लॉरेनच्याही नाही.

चारच्या सुमाराला थॉर्सन कॉफीचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी आले.

"एवढं भांडलीस तिच्यासाठी," ते म्हणाले. मीटिंगनंतर ते एकेरीवर आले होते, ती मात्र परत 'तुम्ही'वर गेली होती. "आणि ती आलीच नाही. काय मिळालं?"

"तिला हवं ते मिळालं. स्पोकेनला गेली."

"स्पोकेनला?" त्यांना ते लागलं. "आमच्यापेक्षा स्पोकेन बरं?"

"तुम्हाला काय वाटलं, तिच्या घरी मीटिंग भरली नसेल? तिनेही तुम्हाला अठ्ठावीस दिवस पाहिलं, डॉक्टर. तुम्ही पाचवे आलात."

थॉर्सननी कप टेबलावर ठेवला. "पाचवे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काय चुकलं म्हणे आमचं?"

"तिलाच विचारा ना." लॉरेनने कागदाच्या चिटोऱ्यावर मार्नीचा नंबर लिहिला आणि हात पुढे केला. "फक्त ऐकताना शब्दांच्या पोटात शिरू नका. ती बोलेल तेवढंच तिला म्हणायचं असतं."

थॉर्सन कागद घेईनात. लॉरेननेही हात मागे घेतला नाही.