ट्रायल रूमचा पडदा

कारखान्याच्या फाटकावर बॅगा तपासायची नोकरी केली की नजर घरीही तशीच होते. ती रोज दोनशे बायकांच्या पिशव्या उघडायची आणि घरी आल्यावर बाबांची. सुटीच्या त्या दुपारीही तिने बाबांची कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. छत्री, चष्म्याचं घर, दोन रुमाल.

"दोन कशाला?"

"एक ओला होतो."

"सहा महिने झाले, रोज चार वाजता जाता कुठे? आणि खणाला कुलूप? माझ्यापासून सिक्रेट?"

बाबा इंग्रजीचे निवृत्त मास्तर. ते हसले. "सिक्रेट नाही गं. प्रायव्हेट आहे."

"एकच झालं ते!"

"मुलंही असंच लिहायची. मग मी लाल शाई काढायचो. कळू नये म्हणून लपवतो ते सिक्रेट. फक्त आपलं असतं ते प्रायव्हेट." त्यांनी पिशवी भरली. "झाली तपासणी? निघू का, मॅडम?"

तिला हसू आलं नाही. त्यांच्या फोनमध्ये 'दुकान' नावाचा एकच नंबर पुन्हा पुन्हा दिसत होता. कोणी फसवतंय? की कोणी बाई?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गार झाला तरी बाबा उठले नाहीत.

बाबा गेल्यावर चार दिवसांनी त्यांच्या सदऱ्यात खणाची किल्ली सापडली. ती उठणार, तोच दारात एक म्हातारा शिंपी आला.

"मास्तर माझ्या दुकानात यायचे."

"सहा महिने, रोज? एवढे कपडे कोण शिवतं?" आवाज फाटकावरचाच होता.

"कपडे नाही, ताई. ट्रायल रूम रिकामी आहे का, ते फोनवर विचारून यायचे, आत बसायचे. पडदा ओढून रडायचे. तुमच्या आई गेल्यापासून."

"घर नव्हतं का त्यांना?"

"घरी पोर विचारते, म्हणायचे. डोळे लाल का, आवाज बसला का. दाराला कडी लावली तरी ठोठावते."

"आणि तुम्ही काहीच विचारलं नाहीत?"

"पडदा लावलाय तो आतला माणूस चोर असतो म्हणून नाही. कपडे बदलताना आडोसा लागतो, तसा रडतानाही लागतो. मी बाहेर मशीन जोरात चालवायचो, एवढंच."

दोन रुमाल! त्यांनी तर खरं तेच सांगितलं होतं!

काळजी म्हणून आपण सगळेच आपल्या माणसांचे खिसे चाचपतो, फोन उघडतो, बंद दारावर संशय घेतो. पण ज्याला स्वतःच्या घरात आडोसा मिळत नाही, तो परक्याच्या पडद्याआड जातो. विश्वास म्हणजे सगळं माहीत असणं नव्हे. न विचारता बाहेर थांबता येणं.

तिने किल्ली पुन्हा सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदरा घेऊन ती बाबांच्या खोलीपाशी गेली. हे दार तिने आजवर नेहमी ढकलूनच उघडलं होतं.

ती थांबली. दोन बोटांनी हलकेच टकटक केली.

"बाबा, आत येऊ का?"