चार तारांचा सूड

मित्रांनो, मी चार तारांची एक जुनी बेस गिटार आहे. वय झालं, पण मनातला डूख काही गेलेला नाही.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने मला जुन्या बाजारातून हौसेने आणलं. तिच्या चुलतभावाचा, दादाचा, वाद्यवृंद होता. तो पुढे उभा राहून गिटार वाजवायचा. आम्ही दोघी मागे. "ए ढब्बू, तू नुसतं ढब् ढब् कर," तो म्हणायचा. तालमीनंतर माझ्याच खुंट्यांवर ओलं जर्किन टांगायचा. माझ्या तारा गंजल्या.

एकदा तिने एक धून रचली. दादाने ती कार्यक्रमात "माझी नवी धून" म्हणून खुशाल वाजवली.

"दादा, ती माझी होती!"

"बेसवर कधी धून वाजते का? कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर?"

तेव्हापासून आम्ही दोघींनी त्याच्यावर दात धरला.

दुपारी दुकान बंद झालं, की मागच्या खोलीत ती मला मांडीवर घेई. तार दाबायची नाही. धातूच्या पट्टीच्या बरोबर वर बोटाने नुसती शिवायची, छेडायची आणि बोट लगेच उचलायचं. यालाच हार्मोनिक्स म्हणतात. जागा केसभर चुकली, की तार मुकी. तिची बोटं सोलवटली. मग एके दिवशी घंटेसारखा स्वच्छ सूर निघाला.

"अगं बाई! हे तुझ्यात होतं?"

होतंच. विचारलं कोणी होतं? हळूहळू अख्खी धून बसली. एक सूर काही केल्या मिळेना, तो तिने तार दाबूनच घेतला.

पुढच्या कार्यक्रमात दादा ऐटीत पुढे सरसावला. त्याने पहिला सूर छेडायच्या आत तिने माझ्यावर ती धून सुरू केली. दादाची बोटं तारांवर तशीच अडकली.

धून संपताच ती माइकमध्ये म्हणाली, "ही माझी धून. मागच्या वेळी दादाने ऐकवली होती. आता तो मागे उभा राहून साथ करेल."

आणि त्याला करावी लागली! काय सांगू, मी नखशिखान्त सुखावले.

"चारचौघांत लाज काढलीस," तो नंतर म्हणाला.

"चोरीसुद्धा चारचौघांतच केली होतीस."

पुढे त्याने माफी मागितली. तिने दिली; बहीणच ती. मी नाही दिली. अजूनही त्याने मला हात लावला, की मी हटकून बेसूर होते.

मित्रांनो, वाजवून झाल्यावर आमच्या तारा कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि मागे उभं असलेल्याचं काही लाटू नका. माणसं विसरतात, लाकूड विसरत नाही.