चढावर लावलेली मोटार

माझा मुलगा मार्तंड सात वर्षांचा असताना त्याच्या हातून दह्याचं गाडगं फुटलं. त्यानं खापऱ्या जागच्या जागी जुळवून ठेवल्या, वर धुतलेलं फडकं टाकलं आणि दिवसभर साळसूदासारखा हिंडला. संध्याकाळी मी गाडगं उचलायला गेले तेव्हा हा दाराआड उभा राहून बघत होता. आज चौतीस वर्षांचा घोडा झाला, पण खोड तीच.

आज पिरनवाडीचा भावकू आमची मोटार बघायला येणार होता. मार्तंडनं उजाडल्यापासून ती पुसली. काचा पुसल्या, नाकावरचा पितळी पक्षी चिंचेनं घासला. आमचं घर नंदगडला, मारुतीच्या देवळाच्या खालच्या अंगाला. देवळापासून दारापर्यंत नुसता उतार. मोटार रात्रंदिवस त्या चढावर, देवळाजवळ उभी असते, चाकाखाली धोंडा लावून. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी मार्तंडनं धोंडा पायानं सारला. मोटार घरंगळत खाली आली, दोनदा खोकली, चालू झाली. मग अंगणात वळवून त्यानं ती परत चढावर नेली, तोंड उताराकडं करून उभी केली आणि धडधडत ठेवली. बंद केली नाही.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिथून चढावरचं सगळं दिसतं, बोलणंही ऐकू येतं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तीन महिने बघितलेलं नाही. वाढलं तर जेवतो, तेही भिंतीकडं तोंड करून. बापाविना वाढवलेल्या मुलानं आईला पाठ दाखवावी, हे मी कुणाला सांगू?

ही मोटार आमच्या घरात हौसेनं आली नव्हती. माझी सून विनोदिनी बेळगावची, शिकलेल्या घरातली. तिचं पहिलं मूल बेळगावच्या दवाखान्यात पोचायच्या आत बैलगाडीतच गेलं. डॉक्टर म्हणाला, पुढच्या खेपेला दुखायला लागल्याबरोबर आणा, एक तास उशीर करू नका. दोन वर्षांनी तिला परत दिवस राहिले आणि मार्तंडनं मोटारीचा ध्यास घेतला.

त्या सालात बेळगावात जिकडं तिकडं त्याच जातीची मोटार. ना साहेबासारखी लांबलचक, ना डबीएवढी. चार दारं, वर पक्कं छप्पर, पाच माणसं नीट बसतील अशी. घरादाराची मोटार म्हणायचे लोक. एका वकिलाला त्याची जुनी काढायची होती. तो स्वतः हाकत आमच्या दारात आला.

मार्तंडनं वहीत लिहून आणलं होतं काय काय बघायचं ते. चाकांचे रबर बघितले. ब्रेक दाबला. दारं उघडून चारदा आपटली. मागच्या गादीवर बसून उसळ्या मारल्या. विनोदिनीला बसवलं, मला बसवलं, मष्णूलाही बसवलं. मष्णू आमचा जुना गडी, गाडीबैल त्याच्याकडं. तो पाय वर घेऊन, गुडघे पोटाशी धरून बसला.

"पाय खाली सोड की रं," मार्तंड म्हणाला.

"नको मालक. मळल."

विनोदिनी हसली. लई दिवसांनी हसली होती ती. डाव्या खिडकीशी बसली होती, वरचा पट्टा हातात धरून. तिला ती जागा आवडली.

वकील ओट्यावर चहाला बसला. एक कप संपला, दुसरा आला, मोटार अंगणात धडधडतेच आहे. धूर सगळा माझ्या वाळवणावर. मला खटकलं. माझे वडील बैल पारखायचे. पाच पाच गावची माणसं त्यांना बाजारात घेऊन जायची, आणि मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या खांद्यावर. ते सांगायचे की उभा बैल कुणीही दाखवील, आपण बसलेला बैल उठताना बघायचा. कंबर कशी उचलतो, गुडघ्यावर किती वेळ थांबतो, धनी हळूच शेपटीला हात घालतो का. दुपारभर बैलाला बसूच देत नाही तो धनी काहीतरी झाकतोय.

म्हणून मी म्हणाले, "वकीलसाहेब, तिला जरा बंद करा की. दम खाऊ दे."

वकील हसला. "चालू असलेली बरी आई, गरम राहते."

"गरम हाय ते दिसतंयच. गार झाल्यावर कशी उठती ते बघूया."

"आई," मार्तंड म्हणाला, "तू आत जा. बैलाचा बाजार न्हाय ह्यो."

परक्या माणसासमोर म्हणाला. सुनेसमोर म्हणाला. मष्णूसमोर म्हणाला. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले, आणि चुलीपुढं बसून ठरवलं, की ह्या मोटारीबद्दल आता माझ्या तोंडातून अक्षर निघणार नाही. मग मार्तंड मष्णूला घेऊन तिच्यात बसला आणि वकिलाबरोबर खानापुरापर्यंत जाऊन आला. मधे कुठंही बंद केली नव्हती, हे मला नंतर मष्णूनं सांगितलं.

दसऱ्याच्या आधी मोटार घरी आली. आठ दिवसांतच मार्तंड तिला देवळाजवळ चढावर लावू लागला. "तिथं हवा लागती," म्हणाला. अंगणात एवढं मोठं छप्पर रिकामं, आणि मोटार उन्हात, हवा खायला! त्यानंतर चौथ्या दिवशी मला उमजलं. इंजिन गार असलं की बटण दाबून काही व्हायचं नाही. पुढं लोखंडी दांडा घालून गरगरा फिरवायचा असतो, त्यानंही व्हायचं नाही. चांगला उतार मिळाला आणि वेग आला तरच ती जागी व्हायची.

मष्णूनंही ओळखलं. "आक्का, बैल बरा. उठला न्हाय तर शेपूट तरी पिळता येतंय. हिला शेपूट कुठं?"

मी हसले आणि गप्प बसले. मार्तंडला कळलं होतं, त्याला कळलंय हे मला कळलं होतं, आणि त्यानं एकदा येऊन म्हणावं, आई, तू म्हणत होतीस तेच खरं, एवढीच माझी अपेक्षा होती. तीन महिने मी त्या एका वाक्यासाठी दबा धरून बसले. रोज संध्याकाळी तो चाकाखाली धोंडा लावायचा आणि मी ओट्यावरून बघायची.

मार्गशीर्ष सरता सरता विनोदिनीची ओटी भरायला तिची आई शालूबाई बेळगावहून आली, बरोबर चार बायका. सुगीचे दिवस, गडीमाणसं सगळी खळ्यावर. सकाळीच मी मष्णूला म्हणाले, "मार्तंडला सांग, मोटार दारात आणून लाव म्हणावं. व्याही माणसं येणार, दारात दिसू दे."

मष्णू माझ्याकडं बघत राहिला. "आक्का, खाली आणली तर..."

"सांगितलंय तेवढं कर."

मला वाटलं, आता तरी येईल. खाली आणून गार झाली की परत वर चढत नाही, हे त्याला माझ्याजवळ येऊन सांगावंच लागेल. तो आला नाही. गुमान धोंडा काढून मोटार दारात आणून लावली. मोटारीला हळदकुंकू लागलं, बायकांनी आत डोकावून गादी चाचपली. दुपारपर्यंत इंजिन थंडगार झालं.

जेवणं झाल्यावर शालूबाई म्हणाल्या, "मी काय म्हणते यशोदाबाई, विनूला आजच बरोबर घेऊन जाते. दवाखाना आमच्या घरापासून चार पावलांवर. वीस दिवसांचाच प्रश्न आहे."

मी मार्तंडकडं बघितलं. तो पान लावत होता.

"दारात मोटार असताना कशाला?" तो म्हणाला. "दुखायला लागलं की दीड तासात पोचवतो."

शालूबाईंनी माझ्याकडं बघितलं. विनोदिनीनंही बघितलं. तिला जायचं होतं, ते मला दिसत होतं. मी एक शब्द बोलले असते तर ती त्या संध्याकाळी माहेरी झोपली असती.

मी म्हणाले, "तुमचे जावई म्हणत्यात न्हवं? मग झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला दुखायला लागलं. अंगणात धुकं होतं. मार्तंडनं बटण दाबलं. मग दांडा घालून फिरवायला लागला. दहादा फिरवला, वीसदा फिरवला. मी विनोदिनीला धरून ओट्यावर उभी. मग दांडा उलटा फिरला आणि त्याच्या मनगटातला आवाज मला ओट्यावर ऐकू आला. तो खाली बसला, परत उठला, आणि मोडका हात पोटाशी धरून माणसं आणायला खळ्याकडं पळाला.

मी थांबले नाही. मष्णूनं गाडी जुंपली, गवत घातलं, वर घोंगडं. खानापूरला भाड्याची मोटार मिळेल, तेवढं गाठायचं होतं. विनोदिनीचं डोकं माझ्या मांडीवर. गवत सगळं भिजत चाललेलं. मष्णूनं बैलांना कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी मारलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मागनं मोटार येते ना?"

"येतीया बाळ. आलीच."

तिनं तीनदा विचारलं. तीनदा मी हेच सांगितलं. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही.

खानापूर अजून मैलभर होतं तेव्हा मागून हॉर्न वाजला. दहा माणसांनी मोटार चढावर ढकलली होती आणि मार्तंड एका हातानं हाकत आला होता. गाडीला आडवी लावून खाली उतरला. मी घोंगडं विनोदिनीच्या तोंडावर ओढलं होतं ते त्यानं बघितलं. मूल पोटातच. तो रस्त्यावर मटकन बसला, आणि त्याच्यामागं मोटार तशीच धडधडत होती. त्याही वेळी त्यानं ती बंद केली नव्हती.

त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. त्याचं मनगट वाकडं जुळलं. बाराव्याला शालूबाई आल्या, अंगणातली मोटार बघितली आणि पाणीसुद्धा न घेता परत गेल्या. मग मार्तंडनं माणसं लावून ती परत चढावर नेली.

आज भावकू आला, बायको मालुबाई, दोन पोरं आणि म्हातारी आई घेऊन. चांगली माणसं. रस्त्याला खडी पुरवतो तो. मार्तंडनं चार दारं उघडून दाखवली, गादी दाखवली, दिवे लावून दाखवले. आवाज सगळा त्या वकिलासारखा. पोरांनी हॉर्न वाजवून घेतला. मालुबाईनं सासूला मागं बसवलं, डाव्या खिडकीशी. म्हातारीनं वरचा पट्टा धरला.

"आत्तींना दमा हाय," मालुबाई खाली ओट्याशी येऊन मला म्हणाली. "उसळला की टांगा मिळंपर्यंत जीव जायची पाळी येतीया. म्हणून म्हटलं, दारात आपली मोटार असली तर..."

भावकू मोटारीभोवती फिरला, वाकून खाली बघितलं, कान लावून इंजिन ऐकलं. शहाणा वाटला. बाजारात विचारतात तेच त्यानं विचारलं.

"का विकताय, अण्णा?"

मार्तंडनं फडक्यानं काच पुसली. पुसलेलीच होती.

"बसणारं कुणी राह्यलं न्हाय घरात," तो म्हणाला.

भावकूनं मान खाली घातली. पुढं काही विचारावं असं उत्तरच नव्हतं ते. "चला, एक फेरी मारून येऊया," मार्तंड म्हणाला, आणि वाकडा हात चाकावर ठेवून आत बसला. चाकाखाली धोंडा नाही, इंजिन गरम, फेरी झकास झाली असती. म्हातारी खिडकीतून माझ्याकडं बघून हसत होती.

मी सूप खाली ठेवलं आणि चढ चढून वर गेले. गुडघे दुखतात, वेळ लागला. ते सगळे बघत राहिले. मी मोटारीच्या पुढं, पितळी पक्ष्याला हात टेकून उभी राहिले.

"आई, बाजूला हो," मार्तंड म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"मार्तंडा, ही मोटार उठत न्हाय. तुला ठावं होतं आणि मला बी ठावं होतं. तू लाजंनं बोलला न्हाईस, मी रागानं बोलले न्हाय, आणि आपल्या दोघांच्या मधी पोरगी मेली. वकिलाचं नाव घेऊ नको, दांड्याचं घेऊ नको. आपण दोघांनी मारली तिला. आता हिला बंद कर, अंगणात नेऊन गार हू दे, आणि ह्या माणसांच्या म्होरं उठवून दाखव. तवर मी हितनं हलत न्हाय."