गाडीतला दिवा

मेकॅनिक अजीजनं फियाटच्या बॅटरीची एक वायर सोडवली, मधे बारीकसा बल्ब जोडला आणि त्याच्याकडं बघत उभा राहिला. गाडी बंद असताना कुठं करंट गळत असता, तर तो बल्ब पेटला असता. पेटला नाही. त्याआधी इंजिन चालू ठेवून त्यानं डायनमो पाहिला होता, कटआउट पाहिला होता. चार्जिंगमध्ये खोट नव्हती.

"मग बॅटरी मरते कशी?" दयानंद म्हणाला. "वायंडिंग जळालेला डायनमो तुम्हीच भरून दिला ना?"

"हाव, भाऊ. मीच भरला."

"असा भरला, की पोरीचा पेपर बुडाला."

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या साखराबाईंचा हात थांबला. दयानंद त्यांचा मुलगा, आणि पेपर बुडालेली शिवांगी त्यांची नात. शिवांगी अहमदपूरहून दर रविवारी लातूरला क्लासला जायची. गाडी बाहेर निघायची ती तेवढ्यासाठीच. गेल्या रविवारी ती चालूच झाली नाही. एसटीनं पोचेपर्यंत चाचणी सुरू झाली होती आणि क्लासवाल्यांनी दार लावून घेतलं होतं. पोरीला वरच्या बॅचमधून खाली टाकलं. ती रडली नाही, पण तेव्हापासून धड जेवलीही नव्हती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. साखराबाईंना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडीचं नाव निघालं की त्या नजर चुकवायच्या.

मागच्या सीटखाली बघावं म्हणून अजीजनं मागचं दार उघडलं. बॉनेटमधला बल्ब पेटला. त्यानं दार लावलं, बल्ब विझला. पुन्हा उघडलं. गाडीच्या छतातला दिवा लागला होता. दार उघडलं की लागणारा तो दिवा किशनरावांनी, साखराबाईंच्या मालकांनी, हयात असताना हौसेनं बसवून घेतला होता.

"रात्री हे दार उघडं राहतंय, भाऊ. दिवा लहान हाय, पण आठवडाभर रोज रात्री जळला तर बॅटरी बसणारच."

"कोण उघडंल रात्रीचं? आपलं काम झाकायला वडाची साल पिंपळाला लावू नका. बाजारात विचारलं तर मी सांगणार, अजीजभाईच्या हातात आता राम राहिला न्हाई."

आयुष्यभर या घराच्या गाडीला अजीजशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्यानं मान खाली घालून वायर परत जोडायला घेतली. साखराबाईंना ते बघवेना.

"त्याला बोलू नको, दयानंद. मीच निजते गाडीत."

दयानंदनं आधी आईकडं बघितलं आणि मग घराकडं. भूकंपानंतर त्यानं जुनं मातीच्या छताचं माळवद पाडून नुकतंच हे घर बांधलं होतं, सहा जणांना विचारून, दुप्पट लोखंड घालून. येईल त्याला तो सांगायचा, माझ्या मायसाठी बांधलंय, वर हत्ती नाचला तरी हलायचं न्हाई.

"कधीपासून?"

"या घरात आलो तवापासून. तुम्ही निजलात की जाते, उजाडायच्या आत येते."

"अन् दार उघडं कशाला?"

"तुझ्या मावशीचं दार ठाऊक हाय ना तुला?"

त्याला ठाऊक होतं. भूकंपाच्या रात्री साखराबाई माहेरी, किल्लारीकडं होत्या. बहिणीच्या खोलीचं दार चौकटीत अडकलं. आतून बहीण हाका मारत होती आणि या बाहेरून कडी ओढत होत्या. मग हाका थांबल्या. तेव्हापासून लावलेल्या दाराआड त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

"पोरीचं नुकसान केलं मी," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा दिव्यानं गाडी बंद पडती, हे मला कुठं ठाऊक?"

दयानंदनं बाह्या सरसावल्या. मग अजीजला म्हणाला, "पेचकस द्या."

पेचकस घेऊन तो आत गेला आणि आईच्या खोलीच्या दाराचे स्क्रू काढू लागला. सागवानी दार होतं, जड. साखराबाईंनी ते खालून धरलं, वरून धरायला अजीज आला. बिजागऱ्या सुटल्या, तशी तिघांनी मिळून ती फळी भिंतीला टेकवून ठेवली. दयानंदच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बोलण्यातला राग पार उतरला होता.

"झालं, माय. आता हे दार कधीच लागणार न्हाई. आता तरी निजशील ना घरात?"

साखराबाईंनी वर बघितलं. दार गेलं होतं, पण स्लॅब डोक्यावर होता तिथंच होता. मुलगा लहानपणी बक्षीस घेऊन आल्यावर जसा बघायचा, तसा तोंडाकडं बघत होता. छताखालीच डोळा लागत नाही, हे त्यांना सांगवेना.

"निजंन की. आता कशाचं भ्या?"

दयानंद समाधानानं हात धुवायला मोरीकडं गेला. साखराबाई रिकाम्या चौकटीत उभ्या राहिल्या. समोर अंगणात अजीज गाडीपाशी परतला होता. तो मागच्या दारातून आत वाकला, छतातल्या दिव्याची काच उघडली, बल्ब काढून शर्टाच्या खिशात टाकला. मग बॉनेट लावलं, हत्यारं गोळा केली, आणि मागचं दार तसंच किलकिलं ठेवून, वर न बघता फाटकाबाहेर पडला.